सेलूच्या गुरुजींना उत्तर: सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी आतून कशी असते

परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींनी विचारलंय: मुलगी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आलीय, वर्षाला साडेतीन लाख. नातेवाईक म्हणतात पगार बरा, पण भरवसा नाही, रात्रंदिवस राबवून घेतात, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू दे. पाठवू की नको, खरं काय ते सांगा.

गुरुजी, पाठवा. पण कशात पाठवताय ते तुम्हाला आणि तिला आधी कळलेलं बरं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं गाव निलंगा तालुक्यात. अण्णांची सहा एकर कोरडवाहू जमीन. लातूरला इंजिनिअरिंग करून २००९ साली पास झाले. ऑफर लेटर त्याआधीच हातात होतं, पण तेवढ्यात मंदी आली आणि जॉइनिंग दहा महिने लांबलं. ते दहा महिने गावात ‘नोकरी लागली म्हणत होती ना पोरगी?’ हे ऐकत काढले. २०१० मध्ये हिंजवडीत रुजू झाले आणि तेव्हापासून याच कामात आहे. आता एक टीम सांभाळते. लॉकडाऊननंतर छत्रपती संभाजीनगरला राहूनच काम करते आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाते.

या कामातलं सुख आणि वैताग, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. सॉफ्टवेअर कधीही बदलता येतं. अण्णांचं तसं नव्हतं. मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरलं आणि मग पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणीशिवाय इलाज नाही, आणि तिसऱ्यांदा बियाणं आणायला पैसे कुठले? हंगामात एकदा निर्णय घ्यायचा आणि वर्षभर त्याचं फळ भोगायचं. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी नवी पेरणी असते. आज चुकलं तर उद्या सुधारता येतं, संध्याकाळी लिहिलेलं सकाळी हजारो लोक वापरतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मला हे पहिली दोन वर्षं खरंच वाटत नव्हतं. पण जे कधीही बदलता येतं, ते कुणीही, केव्हाही बदलून मागू शकतं. काम कधी संपतच नाही. पुढचं सगळं याच दोन बाजूंचं आहे.

आधी सुखाचं सांगते.

पहिल्या वर्षी मला अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या कामावर टाकलं. दाव्यांची रक्कम कधी सोडायची ते आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं. दर महिन्यात काही दावे मध्येच अडकायचे. आमच्यातला कुणीतरी ते हातानं दुरुस्त करून पुढे ढकलायचा आणि विषय मिटायचा. हे माझ्या आधीपासून चालू होतं. नवीन म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दोन महिने मीही तेच केलं. मग एका दुपारी अडकलेल्या सगळ्या दाव्यांच्या तारखा वहीत एकाखाली एक उतरवून काढल्या. त्यात १ ते १२ मधली एकही तारीख नव्हती. सगळ्या १३ किंवा त्यापुढच्या.

आपण तारीख लिहिताना आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. सॉफ्टवेअरचा एक भाग आपल्या पद्धतीनं तारीख लिहीत होता आणि दुसरा त्यांच्या पद्धतीनं वाचत होता. १३ जून ही तारीख वाचताना त्याला तेरावा महिना सापडायचा नाही, म्हणून तो दावा अडकायचा. पण ५ जून ही तारीख तो बिनतक्रार ६ मे म्हणून वाचायचा. म्हणजे आम्ही महिनोन् महिने अडकलेले दावे सोडवत बसलो होतो, आणि खरा घोळ न अडकता निघून जाणाऱ्या दाव्यांत होता.

रविवारी घरी फोन केला तेव्हा अण्णांना हे सांगितलं. सातवी शिकलेला माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे अडकत होतं ते बरं होतं, निघून जात होतं तेच वाईट.’ माझ्या टीम लीडला हे समजावायला मला अर्धा तास लागला होता.

घोळाचं कारण सापडलं त्या क्षणाचा आनंद मला आजही तेवढाच होतो. पगार वाढल्याचा आनंद दोन महिन्यांत विरतो. तुमच्या मुलीला गणितातलं अडलेलं उदाहरण रात्री उशिरा सुटल्यावर कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत असेल, तर ती या कामात रमेल. तसं नसेल तर साडेतीन लाखांसाठी हे काम करू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी लीड म्हणाले, ‘क्लायंटच्या कॉलवर तूच सांग.’ इथे आपल्याकडच्या मुलामुलींचं खरं दुखणं येतं. मराठी माध्यमातून आलेली मी. घोळाचं कारण मला माहीत होतं, कोड मी लिहिला होता, आणि कॉलवर पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या सहकाऱ्यानं ते सांगितलं आणि शाबासकी त्याला मिळाली. त्याची चूक नव्हती. पण त्या रात्री मी फ्लॅटवर जेवले नाही. पुढे वर्षभर रोज सकाळच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं ती चार वाक्यं आदल्या रात्री लिहून ठेवायची. मुलीला सांगा, उच्चारांची काळजी नको, आधी लिहिण्याचं इंग्रजी पक्कं कर. आमचं निम्मं बोलणं चॅटवर आणि ईमेलवरच होतं. स्वच्छ, मुद्देसूद लिहिणाऱ्याला लोक शोधत येतात. बोलणं मागून आपोआप सुटतं.

पैशांचं थोडक्यात. साडेतीन लाख हा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तिच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात मूळ पगाराच्या बारा टक्के दराने कंपनीने भरायचा पीएफ असतो. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटीही बहुतेक कंपन्या त्यातच धरतात, आणि कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कमही. हातात महिन्याला तेवीस ते पंचवीस हजार येतील. चौघींत मिळून फ्लॅट, मेस आणि बस धरली तर पहिलं वर्ष ओढाताणीचंच जाणार. खरी वाढ दोन-तीन वर्षांनी, बहुतेकदा कंपनी बदलल्यावर होते. पण झाली की घर सावरतं, हे मी अनुभवलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या गावात बोअर आटले होते. अण्णांनी बैल विकायचा विषय काढला होता. माझ्या पगारातून कडबा आणि टँकर दोन्ही आलं, बैल दावणीला राहिले. मी माझ्या नोकरीला नावं ठेवायला लागले की मला ते दिवस आठवतात.

आता वैताग.

तुमच्या नातेवाइकांनी रात्रंदिवस म्हटलंय, ते अर्धं खरं आहे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. त्यांची सकाळची मीटिंग म्हणजे आपल्या जेवणाची वेळ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की इथे आमच्या घरातला स्वयंपाकाचा वेळ बदलतो. याची सवय होते. सवय न होणारी गोष्ट म्हणजे ऑन-कॉल. तुमचं सॉफ्टवेअर जगात कुठेतरी चालू असतं, ते बंद पडलं की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो, रात्री तीन असोत की लग्नाचा मुहूर्त असो.

मुहूर्ताचं खरंच सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये उदगीरला नात्यातलं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी बातमी आली की लॉगफोरजे नावाच्या एका सुट्या भागात मोठं भगदाड सापडलंय. हा भाग जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रोग्राममध्ये असतो. त्याचं काम एवढंच, प्रोग्रामनं काय केलं त्याची नोंद ठेवायची. पण नोंदीत ठरावीक धाटणीचा मजकूर घुसवला तर बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्राम चालवू शकत होता. शाळेच्या हजेरीपटावर कुणी एक ओळ लिहिली आणि त्यानं शाळेची तिजोरी उघडली, असं समजा. मांडवात रेंज नव्हती. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री दोनपर्यंत मी आणि पुण्यातले चौघे कुठल्या कुठल्या प्रोग्राममध्ये हा भाग आहे ते शोधत होतो. दुरुस्ती बसवली. चार दिवसांत कळलं की ती दुरुस्ती अपुरी होती, दुसरी आली. आठवड्याच्या शेवटी तिसरी. आणि ज्यांनी तो भाग लिहिला होता, ते कुठल्या बड्या कंपनीचे पगारी नोकर म्हणून ते करत नव्हते. आपल्या वेळात, हौसेनं सांभाळणारी थोडीशी माणसं होती ती. जगभरातल्या बँका त्यांच्या कामावर उभ्या होत्या आणि त्या आठवड्यात तीही आमच्यासारखीच जागत होती. अक्षता मला चुकल्या. नवरीनं अजून ऐकवणं सोडलेलं नाही. तरी त्या रात्री एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांबरोबर खांद्याला खांदा लावून काम केल्याचं जे समाधान होतं, ते मी नाकारणार नाही.

जागरणापेक्षा जास्त खचवणारं दुसरं आहे. घाईत केलेलं काम पुढे छळतं. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरनं १९९२ मध्ये याला कर्जाची उपमा दिली, तेव्हापासून सगळे ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. आपल्याकडे ते जास्त लवकर समजतं. पीककर्जाचं नवं-जुनं करतात ना, तसंच. जुनं फेडल्यासारखं दाखवायचं, लगेच नवं उचलायचं, मुद्दल तिथंच. ‘आत्ता रिलीज जाऊ दे, नंतर नीट करू’ असं दर वेळी ठरतं आणि नंतर कधी येत नाही. पाच वर्षांनी स्क्रीनवरची एक साधी चौकट हलवायला तीन आठवडे लागतात, आणि वरचा माणूस विचारतो की एवढ्याशा कामाला इतका वेळ का. त्याला उत्तर देताना आपल्याच कामाची लाज वाटते. चांगल्या कारागिराला आपल्या हातून वाईट काम करून घेतलं जातंय याइतकं दुसरं काही टोचत नाही.

आणि फेकून दिलेलं काम. एका कंपनीत आम्ही सात जणांनी आठ महिने खपून एक पूर्ण प्रणाली उभी केली. क्लायंटकडे नवा अधिकारी आला, त्यानं दुसऱ्या कुणाचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. सोमवारच्या कॉलवर वीस मिनिटांत काम बंद. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, ‘मग केलेलं कुठं ठेवतात?’ कुठेच नाही. वाया गेलेलं सोयाबीन निदान गुरांच्या पुढे टाकता येतं. त्या आठवड्यात आमच्यातल्या दोघांनी राजीनामा दिला. पगार दोघांचाही नीट चालू होता.

मूल्यमापनाचं तुम्हाला शिक्षक म्हणून लगेच कळेल. अनेक कंपन्यांत टीममधल्या लोकांना ठरावीक प्रमाणात वर-खाली बसवावं लागतं. समजा वर्गात पाचच मुलं आहेत आणि पाचही जणांनी पेपर चांगला सोडवला, तरी एकाला ‘साधारण’ म्हणावंच लागेल असा नियम. मी आता त्या खुर्चीत बसते आणि दर वर्षी कुणाला तरी ते सांगते. समोरच्याचा चेहरा विसरता येत नाही. मलाही ते मिळालंय. २०१५ मध्ये पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कायद्यानं बारा आठवड्यांचीच रजा होती. परत आले तर रेटिंग खाली, कारण ‘वर्षभरात तुमचं योगदान कमी दिसतंय’. बाळ घरी आईजवळ आणि मी बाथरूममध्ये रडत होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक झाली. दुसऱ्या वेळी ती रजा मला पूर्ण मिळाली. पण कायदा रजा देतो, रेटिंग साहेब देतो. म्हणून मी नेहमी सांगते, कंपनीच्या नावापेक्षा आपला साहेब कोण आहे ते आधी बघावं.

भरवशाबद्दल नातेवाईक बरोबर बोलतात. मी दोनदा लोकांना एका दिवसात जाताना पाहिलंय. एका ठिकाणी दुपारी एचआरनं बोलावून ‘आजच स्वतःहून राजीनामा लिहा, म्हणजे पुढे अडचण येणार नाही’ असं माझ्या शेजारच्या मुलाला सांगितलं. त्यानं घाबरून सही केली. अशा वेळी तिथल्या तिथे सही करायची नसते. वेळ मागायचा, सगळं ईमेलवर मागायचं, नोटीस काळाचा, म्हणजे नोकरी सुटण्याआधी द्यायच्या मुदतीचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, पदरात पाडून घ्यायचं. आणि पहिल्या वर्षापासून सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडलेला असला पाहिजे. तो असला की माणूस साहेबासमोर सरळ बसतो.

आता कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत, त्यामुळे नोकऱ्याच जातील का, हेही तुमच्या मनात असेल. मी ती रोज वापरते. कोड उतरवणं झपाट्यानं होतं यात शंका नाही. पण तारखांचा तो घोळ कोड लिहून सापडला नव्हता, यादी काढून आणि डोकं खाजवून सापडला होता. ते काम अजून माणसाचंच आहे. माझी काळजी वेगळी आहे. जी बारीकसारीक कामं करत आम्ही शिकलो, तीच कामं ही साधनं आधी उचलतात. नवीन मुलीला शिकायला जागा कुठली उरते? म्हणून तिला सांगा, साधनानं दिलेली प्रत्येक ओळ तशीच का आहे हे समजल्याशिवाय पुढे पाठवू नकोस. वेळ लागला तर लागू दे. दोन वर्षांनी ती आणि तिच्या बाजूची, यांत फरक दिसेल.

घरापासून लांब जाण्याबद्दल. सेलूला रेल्वे स्टेशन आहे, ही मोठी सोय आहे. आम्ही निलंग्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायचो आणि दिवाळीत तिचं भाडं ऐकून परत फिरायचो. मराठवाड्यात या कामाच्या जागा फार नाहीत. संभाजीनगरला चिकलठाण्यात काही कंपन्या आहेत, तिथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचं केंद्रही आहे, पण शिकण्याची पहिली तीन-चार वर्षं पुण्यातच काढावीत असं माझं मत आहे. घरून काम करता येईल म्हटलं तरी अगदी सुरुवातीला करू नये. शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाच्या स्क्रीनकडे बघून जे कळतं ते कॉलवर कळत नाही. हात बसल्यावर परत येता येतं. २०२० मध्ये मी लेकरांना घेऊन गावी गेले, इन्व्हर्टरवर आणि मोबाइलच्या रेंजवर सात महिने काम केलं, तेव्हा पहिल्यांदा अण्णांनी मला काम करताना पाहिलं.

ऑफर लेटर आलंय तर आता ते घेऊन तिच्याबरोबर बसा. बाँड, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडली तर पैसे भरायचे असा करार, आहे का, किती वर्षांचा, किती रकमेचा ते बघा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवायची नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची. ट्रेनिंगसाठी किंवा अनामत म्हणून कंपनी पैसे मागत असेल तर ती ऑफर सोडून द्या, मग नाव कितीही मोठं सांगू देत. नोटीस काळ नव्वद दिवसांचा असेल, तो बऱ्याच ठिकाणी असतो. रात्री उशीर झाला तर घरापर्यंत गाडी मिळते का, हे तिनं आताच ईमेलवर विचारावं. विचारल्यानं कुणी ऑफर काढून घेत नाही. स्पर्धा परीक्षा तिला मनापासून द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, पण या नोकरीच्या भीतीनं ती देऊ नये.

ती गेल्यावर तुम्ही फोनवर जेवलीस का, झोपलीस का विचाराल, ते विचाराच. अण्णा त्या रविवारनंतर आणखी एक गोष्ट विचारायला लागले: ‘या आठवड्यात काय सापडलं?’ कधी मी सांगितलेलं त्यांना कळायचं, कधी नाही. पण आठवडाभर मला ठाऊक असायचं की रविवारी कुणीतरी हे विचारणार आहे. तुम्ही वर्गात चाळीस मुलांना प्रश्न विचारता गुरुजी, तिलाही तो विचारत जा.